निमिषसमोर कोणी पळत नाही

हॉलो क्रीक, पेनसिल्व्हेनिया
२४ जून २०२५

प्रिय नेत्राताई,

आधी मनसोक्त शिव्या घालून घे, मग पुढे वाच. मार्चमध्ये तू तिकिटं लावून, स्वतःचा पत्ता घालून पाकिटांचा गठ्ठा हातात दिला होतास. "फोन हरवशील, निदान ही हरवू नकोस." फोन हरवला. म्हणजे दोन हरवले, एक तळ्यात आणि एक बसमध्ये. पाकिटं शाबूत आहेत. लिहायचं मात्र रोज उद्यावर ढकललं. एकदा बसलो तर पेन नव्हतं, पेन मिळालं त्या दिवशी शेजारच्या गावात ट्रॅक्टर ओढायची स्पर्धा होती. ताई, ट्रॅक्टर! धूर एवढा की माझा पिवळा शर्ट काळा झाला. त्यात तीन दिवस गेले. कसे ते विचारू नकोस.

तर इथली खबरबात. तुझा भाऊ निमिष मजेत आहे. आम्ही अजून मिसेस कोवालच्या गॅरेजवरच्या खोलीत राहतो. मी त्याच्या बेसबॉल टीमच्या सामानाची व्हॅन चालवतो, कपडे धुतो, सामन्याआधी पिचर लोकांचे बॉल झेलून त्यांचे हात गरम करून देतो. दोन कॉलेजं सोडलेल्या माणसाला याहून बरं काय मिळणार? मावशीला सांग, तिचा भाचा कामाला लागलाय. माझ्या आईला मात्र कपडे धुण्याचं सांगू नकोस.

एक वाईट झालं. खोलीतला आमचा तिसरा, डेल्विन, काल टीम सोडून गेला. डोमिनिकन पोरगा, अख्ख्या लीगमध्ये त्याच्याएवढं जोरात कोणी पळत नाही. ब्रॅडली गावच्या टीमने त्याला मागून घेतला, आमच्या कोचने त्याच्या बदल्यात एक पिचर घेतला. इथे असंच असतं, सकाळी सोबत अंडी खाल्लेला माणूस संध्याकाळी समोरच्या बाकावर. जाताना निमिषला मिठी मारताना त्याने डावीकडूनच मारली. असो.

निमिषचा खेळ छान चाललाय. मे संपल्यापासून त्याच्यासमोर कोणी बेस चोरायला पळालेलंच नाही.

मावशीला म्हणावं महानारायण तेलाची आणखी एक बाटली पाठव. माझी पाठ भरून येते, व्हॅनची सीट फार वाईट आहे.

तुझा,
संग्राम

◆

रेडमंड
१ जुलै २०२५

संग्राम,

तीन महिन्यांनी पत्र, त्यात अर्धं पान ट्रॅक्टर! पण आलं याचाच आनंद झाला. ऑफिसच्या शटलमध्ये वाचलं आणि एकटीच हसले.

"कोणी पळालेलं नाही" हे तू एका ओळीत उरकलंस. मूर्खा, ती केवढी मोठी गोष्ट आहे! माझ्या शेजारी अदिती बसते, तिला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. परवा लंचला मी तिला समजावलं. पहिल्या बेसवर उभा असलेला रनर, पिचरने बॉल टाकला की दुसऱ्या बेसकडे सुसाट सुटतो. कॅचर बॅट्समनच्या मागे उकिडवा बसलेला असतो, आपल्या विकेटकीपरसारखा. त्याने बॉल झेलून, उठून, अख्खं मैदान ओलांडून दुसऱ्या बेसवर फेकायचा. आधी कोण पोचतो, रनर की बॉल? रनर पोचला तर बेस चोरला, बॉल पोचला तर रनर बाद. चांगल्या कॅचरच्या हातून शंभरातले तीसेक बाद होतात. आपल्या निमिषचा पाच वर्षांचा आकडा चव्वेचाळीस आहे. अदिती म्हणाली, "मग त्याच्यासमोर पळतंच कोण?" मी म्हटलं, तेच तर! आता कोणी पळतच नाही. नुसत्या नावाला घाबरतात.

तर ऐक, मी एक उद्योग केलाय. निमिषच्या पाच वर्षांचा चार्ट केला, वर्षागणिक, शेवटी जूनचा महिना: प्रयत्न शून्य. वर फोटो, उंची, जन्मतारीख, शिक्षण. झाल्यावर बघते तर हुबेहूब लग्नाचा बायोडेटा! गोत्र तेवढं राहिलं. तो पार्सिपनीला राजारामकाकांना पाठवला. मराठी मंडळातले, गणपतीला माइक सोडत नाहीत ते. त्यांचा शेजारी एका मोठ्या क्लबचा स्काउट आहे, नवे खेळाडू हेरणारा. काकांनी ओळख काढली, आणि तो माणूस रविवारी वीस जुलैला दुपारी तुमच्या मैदानावर येतोय, ब्रॅडलीविरुद्धच्या सामन्याला. खास आपल्या निमिषचा हात बघायला! बाबांनी मंडळाच्या ग्रुपवर टाकलंसुद्धा. ज्यांना मुलगा इंजिनीअरिंग सोडून बॉल झेलतो हे सांगायची लाज वाटायची, त्यांनी.

निमिषला सांगू नकोस. उगाच टेन्शन घेईल.

तेल आईने पाठवलंय.

नेत्राताई

◆

हॉलो क्रीक
७ जुलै

ताई,

ते स्काउटचं कॅन्सल कर, प्लीज. वीस तारखेला नको. मैदान वाईट आहे, दुसऱ्या बेसपाशी पाणी साचतं. ऊनही फार असतं. शिवाय निमिषची बॅट सध्या चालत नाहीये, ऑगस्टमध्ये चालेल. नाहीतर पुढच्या वर्षीच बोलव. पुढचं वर्ष बेस्ट.

राजारामकाकांना सांग ना की तारीख चुकली. बायोडेटा परत मागव. बायोडेटे परत मागवतातच की लोक, पत्रिका जुळली नाही म्हणून.

आणि ब्रॅडलीविरुद्ध तर अजिबातच नको. का ते विचारू नकोस.

मी पत्र लगेच लिहिलंय बघ, एकही दिवस न घालवता.

संग्राम

◆

रेडमंड
११ जुलै

संग्राम,

लगेच लिहिलंस म्हणूनच पत्र दोनदा वाचलं. तू लगेच पत्र लिहिणारा माणूस नाहीस.

काल आईला फोन केला होता. ती आपली सहज बोलून गेली, "संग्रामची पाठ फारच धरलीय गं, एप्रिलपासून ही तिसरी बाटली." तिसरी! एवढ्या तेलाने हत्ती न्हाऊन निघेल. आणि तुझी पाठ? तू तीन दिवस ट्रॅक्टर बघत उभा राहतोस. कुणाचं काय चोळतोयस तू?

मग मी माझा चार्ट पुन्हा उघडला. मी रोज आठ तास आकडे बघते. प्रयत्न शून्य याचा अर्थ हात चांगला आहे असा होत नाही. हात बघायची वेळच कुणावर आली नाही, एवढाच होतो. हे माझ्या कामात मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवते. भावाच्या बाबतीत विसरले.

उजवा खांदा ना? कधीपासून? डॉक्टर काय म्हणाला? आणि ब्रॅडली का नको?

मला गोल गोल नको, सरळ लिही. तुझ्या उत्तराची वाट बघतेय, तोवर घरी एक शब्द बोलत नाही.

नेत्रा

◆

हॉलो क्रीक
१५ जुलै, पोस्टातूनच लिहितोय, उद्या पोचेल असं पाठवतोय

ताई,

हो, उजवा खांदा. निमिषने मला शपथ घातली होती, ती आज मोडतोय. त्याला कळलं तर मला व्हॅनखाली घालेल.

एप्रिलमध्ये थंडीत एक थ्रो करताना आत काहीतरी 'कट्' झालं. मलाही ऐकू आलं, मी कुंपणापाशी होतो. दोन गावं सोडून एका डॉक्टरला गुपचूप दाखवलं. तो म्हणाला, आतली पट्टी अर्धी फाटलीय. ऑपरेशन करा आणि वर्षभर बॉलला हात लावू नका. तसाच जोरात फेकत राहिलात तर एखाद्या थ्रोला उरलेलीही जाईल, मग फेकणं सोडाच, शर्ट घालताना दुसऱ्याला बोलवावं लागेल. निमिष म्हणाला, सीझन संपू दे. आमच्यासारख्या लीगमध्ये वर्षभर बसलेल्या कॅचरला परत कोण बोलावतं? पंचविशी आली त्याची. बाहेर एकोणीस वर्षांची पोरं रांगेत उभी आहेत.

आता तो निभावतो कसं ते सांगतो. प्रत्येक इनिंगआधी पिचर चार-पाच बॉल टाकून हात गरम करतो, आणि शेवटच्या बॉलवर कॅचर उठून दुसऱ्या बेसवर जीव खाऊन फेकतो. ही रीतच आहे. समोरचं अख्खं बाकडं ते बघत असतं, घड्याळ लावून. याचा हात केवढा, पळायचं की नाही, सगळं त्या एका थ्रोवर ठरतं. निमिषने मे संपताना तो थ्रो करणंच सोडलं. शेवटचा बॉल झेलतो, उठतो, समोरच्या बाकड्याकडे बघून हसतो आणि बॉल जमिनीवरून घरंगळत पिचरकडे सोडून देतो. बघणाऱ्यांना वाटतं, काय माज आहे! चव्वेचाळीस टक्केवाला, याला दाखवायची गरजच नाही. आमच्या कोचलाही वाटतं तो हात राखून ठेवतोय. ताई, गेला दीड महिना तो आकडाच त्याच्या वतीने थ्रो करतोय. हात तर खांद्याच्या वर जातच नाही. सकाळी मी तेल चोळतो तेव्हा तो उशी दातात धरतो.

आणि ब्रॅडली का नको? डेल्विनमुळे. त्याच खोलीत राहायचा ना. त्या तेलाचा वास तुला माहीत आहे, भिंतीतून जातो. पहिल्या आठवड्यात मी त्याला सांगितलं की ही आमच्याकडची पूजा असते. तो बरं म्हणाला. दुसऱ्या आठवड्यात मी अंघोळीला गेलो होतो तेव्हा तोच निमिषच्या खांद्याला तेल चोळत बसलेला. मला म्हणाला, "तुझी पूजा फार हळू आहे, अंगठ्याने दाब."

तर आता लीगमधला सगळ्यात वेगवान चोर रविवारी समोरून खेळणार, आणि त्याला सगळं माहीत आहे. बेस चोरण्यावरच त्याची भाकरी आहे. ब्रॅडलीच्या कोचने त्याला पळण्यासाठीच आणलाय. तो का नाही पळणार? मी त्याच्या जागी असतो तर पळालो असतो, खोटं कशाला बोलू. तो एकदा पळाला की निमिष फेकणार, ताई. स्काउट बघत असताना तो बॉल हातात धरून बसणार नाही. तुला तो माहीतच आहे. आणि फेकलं की संपलं.

हो, स्काउटचं त्याला कळलंय. कालच. तुझ्या बाबांचा, म्हणजे संजयकाकांचा फोन आला होता, "वीस तारखेला दाखवून दे!"

तू त्याला फोन करू नकोस. केलास तर तो हसून "मस्त चाललंय" म्हणेल, आणि मग त्याला तेच खरं करून दाखवावं लागेल. लिही काहीतरी. तुझं लिहिलेलं तो वाचतो.

संग्राम

◆

रेडमंड
१७ जुलै

संग्राम,

राजारामकाकांना फोन केला. तो स्काउट ओहायोमधून सामने बघत बघत तुमच्याकडेच यायला निघालाय, आता तो थांबत नाही. काका मलाच म्हणाले, "अगं, मुलगी दाखवायचा कार्यक्रम ठरल्यावर कोणी मागे घेतं का?" मी फोन ठेवला.

बाबांना सांगितलेलं नाही. ते निमिषने सांगायचं.

खालचं निमिषला वाचायला दे.

निमिष,

चार्ट मी केला, बायोडेटा मी पाठवला, तुला न विचारता. चव्वेचाळीस बघून मीच हुरळले, त्या माणसाला मीच तुझ्या दारात आणून उभं केलं. तू मला त्याची परतफेड खांद्याने करू नकोस.

तो आकडा मला पाठ आहे, पण मला तो नकोय. तू आठवीत असताना मी पहिल्यांदा ड्राइव्ह करायला शिकले आणि गाडी मेलबॉक्सवर घातली. बाबा यायच्या आत तू तो खांब एकट्याने उचलून सरळ केलास. मला तो हात हवाय. पुढच्या दिवाळीला तो माझ्या घरी येऊन चकलीचा सोऱ्या फिरवू शकला पाहिजे. बाकी कोण किती बेस नेतं ते नेऊ दे.

फेकू नकोस.

ताई

◆

हॉलो क्रीक
२० जुलै, रविवार, संध्याकाळ

ताई,

तुझं पत्र काल दुपारी आलं. आज सकाळी तेल लावताना त्याला दिलं. त्याने वाचलं, घडी केली आणि पायाच्या पॅडमध्ये सरकवली. मला म्हणाला, "शपथ मोडलीस." मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "बरं, आता खाली दाब." बस, एवढंच.

आत्ता तो माझ्यासमोर खाटेवर बसलाय, खांद्यावर बर्फाची पिशवी. मी जे पाहिलं ते क्रमाने लिहितो. आज कुठे भरकटत नाही.

दुपारी एकला ऊन असं की बाकड्यावर हात ठेववत नव्हता. स्काउट निमिषच्या बरोबर मागे, जाळीपलीकडे बसला होता. पांढरी टोपी, हातात स्टॉपवॉच. पहिल्या इनिंगआधी निमिषने नेहमीसारखं केलं, हसला आणि बॉल घरंगळत सोडला. स्काउटनेही हसून मान हलवली. मी एक अख्खा च्युइंगमचा पुडा गिळला बहुतेक.

पहिल्याच इनिंगमध्ये डेल्विन पहिल्या बेसवर आला. ब्रॅडलीचं सगळं बाकडं उभं राहिलं. डेल्विनने बेसपासून दोन पावलं टाकली, निमिषकडे बघितलं. निमिषने मास्कमधून त्याच्याकडे बघितलं. पिचरने बॉल टाकला. डेल्विन हलला नाही. दुसरा बॉल, नाही. तिसरा, नाही. त्यांच्या कोचने टोपी मांडीवर आपटली.

चौथ्या इनिंगमध्ये पुन्हा तो पहिल्या बेसवर. या वेळी कोच ओरडूनच सांगत होता, "गो! गो!" लहान पोरंपण ओरडायला लागली. डेल्विन दोन पावलं पुढे, आणि उभा. इनिंग संपल्यावर कोच मैदानात आला आणि त्याच्या छातीत बोट खुपसून बोलला. आवाज इकडे येत नव्हता, बोट दिसत होतं. डेल्विन खाली बघत उभा होता. ताई, जो पळतो म्हणून ठेवलाय तो पळत नसेल तर त्याला किती दिवस ठेवतील? हे मला तेव्हा समजलं, निमिषला माझ्या आधीच समजलं असणार. तो मास्क काढून ते बोट बघत होता. इकडे पाणी द्यायला गेलो तर म्हणाला, "माझं झाकण्यासाठी हा मरतोय यार."

पाचवी इनिंग. पिचरने हात गरम केला. शेवटचा बॉल निमिषने झेलला, उठला, आणि या वेळी हसला नाही. त्याने दुसऱ्या बेसकडे फेकला.

हळू फेकला. हात खांद्याच्या खालूनच आला, आपण अंगणात लहान पोराला देतो तसा. बॉलने एक टप्पा घेतला, मग दुसरा, मग घरंगळत बेसपाशी जाऊन थांबला. आमचा खेळाडू तो उचलायचाच विसरला. मग निमिष वळला आणि त्यांच्या बाकड्याकडे बघत उभा राहिला, सगळ्यांनी नीट बघेपर्यंत. मग मास्क लावून खाली बसला.

स्काउटने स्टॉपवॉच खिशात टाकलं. इनिंग संपायच्या आत तो गेला. जाताना जाळीपाशी क्षणभर थांबला होता.

आणि मग पळाले. सगळे पळाले. त्यांचा तो जाड्या पिचरसुद्धा बेसवर आला असता तर पळाला असता. दुसरा बेस, तिसरा बेस, दोघे दोघे एकदम. निमिष प्रत्येक वेळी बॉल झेलायचा, उभा राहायचा आणि हातातच धरायचा. एकदाही फेकला नाही. मी मोजणं सोडून दिलं. पाच वर्षांत जमवलेलं एका दुपारी वाहून गेलं. आमचेच प्रेक्षक शिट्ट्या मारत होते. तरी कोचने त्याला आठव्या इनिंगपर्यंत आत ठेवलं. शिक्षा म्हणून की दुसरा कॅचर नाही म्हणून, माहीत नाही.

पण सातव्यात काय झालं ते ऐक. डेल्विन परत पहिल्या बेसवर. आता तर लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं, लंगडा माणूसही पळाला असता. कोच दोन्ही हातांनी त्याला पुढे ढकलल्यासारखं करत होता. निमिष स्वतः मास्क वर करून त्याला म्हणाला, "जा ना रे!" सगळ्यांना ऐकू गेलं. आणि या गाढवाने काय करावं? बेसवर दोन्ही पाय ठेवले आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. शेवटपर्यंत. मला त्याचा इतका राग आला! निमिषने कशासाठी केलं मग ते सगळं?

सामना हरलो. कोच निमिषला एवढंच म्हणाला, "उद्या ऑफिसात ये." उद्या काय होणार ते सगळ्यांना माहीत आहे. व्हॅनमध्ये संजयकाकांचे फोनवर फोन. चौथ्यांदा निमिषने उचलला. म्हणाला, "बाबा, चव्वेचाळीस राहिले नाहीत." मग एप्रिलपासूनचं सगळं सांगितलं, मी गाडी हळू चालवत होतो. मला वाटलं आता मंडळ निघणार, लोक काय म्हणतील निघणार. काका म्हणाले, "हात वर जातो का? किती वर जातो? दाखव." व्हिडिओ कॉल लावायला लावला. निमिषने जेवढा गेला तेवढा वर करून दाखवला. काका म्हणाले, "थांब, आईला बोलावतो." मग मी गाडी कडेला घेतली आणि काच खाली करून बाहेर बघत बसलो.

ऑपरेशनसाठी तो घरी पार्सिपनीला जाईल असं दिसतंय. मी सोबत जाईन म्हणतो. मिसेस कोवालने रताळ्याचा 'पाय', इथला एक गोड प्रकार, आणून ठेवलाय, तो मी

थांब, दार वाजतंय. खिडकीतून बघतो.

ताई, खाली डेल्विन उभा आहे. ब्रॅडलीची बस साडेपाचला गेली, मी स्वतः जाताना पाहिली. याच्या पाठीवर मोठी बॅग आहे, बूट लेसने गळ्यात अडकवलेत, आणि अंगात ब्रॅडलीचा शर्ट नाही. वर बघून मला विचारतोय, "त्याला बर्फ दिलास का?"

निमिष उठलाय. डाव्या हाताने कडी काढतोय.